ओहोटीचा समुद्र

"डोमकावळा! डोमकावळा आहे तो! चोच बघा, जाड आहे! मान करडी नाही! गावकावळा नव्हे!"

हे ओरडणं गंगेवर, रामकुंडाच्या पायऱ्यांवर चाललं होतं. दिवस काकूंच्या दहाव्याचा, आणि ओरडणारे गृहस्थ खुद्द काकूंचे यजमान. अंगावर ओला पंचा, डोक्याचा नुकताच केलेला गोटा, आणि गळ्यात दुर्बीण. दहाव्याला दुर्बीण कशाला, हे विचारायची हिंमत गुरुजींनाही झाली नव्हती. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. काकूंचे सटाण्याचे धाकटे भाऊ, ज्यांना मी मामा म्हणायचो, हात जोडून बहिणीला एकेक वचन देत होते. तुळशीला पाणी घालू. दाजींना जेवायखायला कमी पडू देणार नाही. तुझी पैठणी कोणाला देणार नाही, तशीच ठेवू. कावळे भिंतीवर बसून ऐकत होते आणि काही पटत नसल्यासारखे मान वळवत होते. शेवटी एक उतरला. एक पायरी, दुसरी पायरी, मान तिरकी करून भाताकडे बघितलं, आणि चोच खाली घालणार एवढ्यात काकांनी त्याचं नाव घेतलं.

आवाज असा गेला की तो कावळा तर उडालाच, भिंतीवरचे उडाले, पलीकडच्या काठावरचे उडाले, पंचवटीतल्या सगळ्या देवळांच्या शिखरांवरची कबुतरं उठली. आमच्या शेजारी आणखी चार घरांचे पिंड मांडलेले होते. त्यांचेही कावळे गेले. त्या चार घरांच्या लोकांनी आमच्याकडे जे पाहिलं, ते मी अजून अंगावर वागवतो.

गुरुजी शहाणे होते. त्यांनी दर्भाच्या काड्या वळून कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "शिवला. शास्त्रात आहे."

काका खाली वाकले. दुर्बीण लावायची गरज नव्हती तरी लावली.

"हे गवत आहे," ते म्हणाले.

"शास्त्रात सोय आहे, काका."

"असेल. पण हा पक्षी नाही. हा मी धरणार नाही."

मामांनी पायातला ओला वाळूचा कण झटकला आणि म्हणाले, "आला व्हता तो, दाजी. तुम्हीच हाकलला." त्यानंतर वर्षभर ते आपल्या मेहुण्याशी एक शब्द बोलले नाहीत.

*

काका म्हणजे माझे घरमालक. नाशिकच्या द्वारका चौकामागच्या एका कॉलनीत त्यांचं घर होतं आणि वरची खोली मी भाड्याने घेतली होती. मी तेव्हा द्राक्षाची औषधं विकायचो, दिवसभर दिंडोरीच्या बागांमधून फिरायचो आणि रात्री कोणाच्याही अंगणात उभा राहिलो तरी तिथल्या मुंग्या घर सोडायच्या, एवढा माझ्या कपड्यांना वास असायचा. असा माणूस खोली बघायला आला तर मालकाने जात विचारावी, पगार विचारावा, मांसमच्छी विचारावी. काकांनी दारात उभं राहून समोरच्या विजेच्या तारेकडे बोट केलं.

"ते काय आहे?"

मी बघितलं. तारेवर काळं काहीतरी बसलं होतं.

"काहीतरी पाखरू आहे," मी म्हणालो.

"पाखरू नावाचं पाखरू जगात नाही," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी जिना उतरत होतो तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडली आणि आतून एक बाईमाणूस हळूच बोललं, "अहो, कोतवाल म्हणा. शेपटी दुभंगलेली आहे ना, कोतवाल. परत वाजवा कडी." मी परत कडी वाजवली, कोतवाल म्हणालो, आणि मला खोली मिळाली. त्या काकू. पुढे कळलं की आजवरचे सगळे भाडेकरू त्या खिडकीतूनच पास झाले होते.

काका वजनमाप खात्यात निरीक्षक होते. जिल्ह्यातला एकूण एक तराजू त्यांच्या हाताखालून गेलेला. ते येवल्याच्या बाजाराला निघाले की मनमाडच्या दुकानदारांची वजनं आपोआप जड व्हायची, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण ऐकणारे पुष्कळ आहेत. लग्नासाठी मुलगी बघायला सटाण्याला गेले तेव्हा सासऱ्यांच्या कांद्याच्या वखारीत चहा ठेवला होता. काकांनी आधी मुलगी बघितली नाही, कोपऱ्यातला काटा बघितला. खिशातून शिक्क्याचं वजन काढून तोलून बघितलं. मग मुलगी बघितली. आणि निर्णय सगळ्यांसमोर, उभ्याने दिला: "मुलगी पसंत आहे. काटा नापास."

मामा तेव्हा मिसरूड फुटलेल्या वयाचे. तो काटा त्यांच्या आजोबांचा होता. त्यांनी बहिणीचं लग्न लागू दिलं, पंगतीत वाढपही केलं, पण दाजींच्या पानात मीठ वाढायचं ते दर वेळी चिमटीने मोजून, तोंडाने "बघा बुवा, बरोबर शे ना?" असं विचारून.

बाजारात चाळीस हातांवरून दुकानदाराला हाक मारायची सवय लागली आणि काकांचा आवाज कायमचा वर राहिला. त्यांना कुजबुजता येत नव्हतं. त्यांची कुजबूज म्हणजे लग्नाच्या बँडमधला मोठा ढोल गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखी. आणि अशा माणसाला नाद लागला पक्षी बघण्याचा. रविवारी पहाटे ते धरणाच्या फुगवट्यावर जायचे. काही वेळा मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. आम्ही गवतातून वाकून, गुडघे फोडून काठाशी पोचायचो, पुढे पाण्यात चक्रवाकांचा थवा निवांत पडलेला असायचा, आणि काका माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "हळू. चक्रवाक." थवा उठायचा तो जिथून आला होता तिथे परत जायचा, थेट हिमालयापलीकडे. दोन वर्षांनी त्यांची पिल्लं यायची तीसुद्धा नाशिकला वळसा घालून.

पण काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "बसलेला पक्षी कोणीही ओळखेल," ते म्हणायचे. "उडाल्यावर पंखाखालचा रंग दिसतो." शहरातल्या पक्षी बघणाऱ्या मंडळींनी आधी त्यांना सांगून पाहिलं, मग स्वतःच दिवस बदलला, मग जागा बदलली. काका एकटे राहिले. एकटेच जाऊन ते मोकळ्या आभाळाला नावं घेऊन हाका मारायचे. शेकाट्या. धोबी. सुरय. घरी आल्यावर काकू विचारायच्या, "कोण कोण उडवलं आज?" आणि ते सगळी हजेरी सांगायचे. काकू तांदूळ निवडत ऐकायच्या. त्या एकदाही दुर्बिणीला डोळा लावून बसल्या नाहीत, पण त्यांना सगळी नावं पाठ होती, जशी बायकांना नवऱ्याच्या ऑफिसातल्या माणसांची असतात.

*

काकूंनी लग्नानंतर एकच गोष्ट मागितली होती. सटाण्याच्या बाईने पाणी बघितलेलं विहिरीतलं, फार तर मोसम नदीचं. त्या म्हणाल्या, "मला एकदा समुद्र दाखवा."

काकांनी दाखवला. नाशिकहून जव्हारच्या घाटाने खाली उतरून, डहाणूच्या पुढे एक किनारा आहे तिथे नेलं. दिवस आणि वेळ त्यांनी फार विचार करून निवडली. समुद्रपक्षी बघायचे तर पूर्ण ओहोटीला जावं लागतं. पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो, आणि त्यातले किडे खायला पाखरांची जत्रा भरते. तो किनारा तर असा सपाट की ओहोटीला पाणी दिसेनासंच होतं. काकू नवी साडी नेसल्या होत्या, डब्यात पुरीभाजी घेतली होती. त्या सुरूच्या झाडांतून बाहेर आल्या आणि समोर क्षितिजापर्यंत चिखल.

"समुद्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

"येईल संध्याकाळी," काका म्हणाले. "आपल्याला त्याआधी निघायचंय. ते बघ, तुतवार."

ही गोष्ट काकू मला सांगायच्या, दूधवाल्याला सांगायच्या, गॅसवाल्याला सिलिंडर खांद्यावर असताना थांबवून सांगायच्या. रागाने नाही. हसून, पदराने डोळे टिपत. "मी समुद्र नाही हो पाहिला," त्या म्हणायच्या, "समुद्राची रिकामी जागा पाहिली."

आतून काकांचा आवाज यायचा, "रिकामी नव्हती. चिखल्ये होते तीन जातींचे."

"पुरीभाजी कुठे बसून खाल्ली ते सांगा."

"गाडीत. वारा होता." मग जरा वेळाने, त्यांना जमेल तेवढ्या खालच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं: "पुढच्या वर्षी जाऊ की भरतीला."

पुढच्या वर्षी फुगवट्यावर कुठलंसं दुर्मिळ बदक उतरायचं. त्याच्या पुढच्या वर्षी दुर्बिणीची काच बदलायची असायची. वर्षं अशी गेली. काकूंनी परत मागितलं नाही. त्यांना गोष्ट सांगायला मिळत होती, आणि मला वाटतं, काकांना वाटत होतं की तेवढ्यावर भागलं.

मग त्या कार्तिकात त्यांना ताप आला. आधी साधा, मग दवाखान्यातला. तुळशीचं लग्न लागायच्या आत त्या गेल्या. शेवटच्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा खिडकीबाहेर तारेवर काही बसलं होतं. त्यांनी डोळ्यांनीच मला विचारलं. मी म्हणालो, "कोतवाल." त्यांनी मान हलवली. मी पास झालो की नाही ते मला कळलं नाही.

*

दहाव्यानंतर काकांना कुजबुजता यायला लागलं. आयुष्यभर जमलं नाही ते बसल्या बसल्या जमलं. दूधवाला दोनदा विचारायचा, "काय म्हणालात?" मी आल्यावर ते काही बोलायचे आणि मला वाकून ऐकावं लागायचं. धरणावर जाणं त्यांनी बंद केलं. एकदा मीच ओढून नेलं. चक्रवाक हाताच्या अंतरावर पोहत आले, आमच्याकडे बघत राहिले, कोणी काही बोलेल म्हणून वाट बघितली असावी. काका त्यांच्याकडे न बघता चपलेतला काटा काढत बसले. त्या दिवशी उडालेला एकही पक्षी नव्हता. परत येताना स्कूटरवर मला फार थंडी वाजली.

दर महिन्याच्या तिथीला ते गच्चीवर पान ठेवायचे. दहीभात, उडदाचा वडा, खीर. एरवी ही गच्ची अशी होती की काकूंनी वाळत घातलेली सांडगी मिरची कावळे पोलीस असल्यासारखे येऊन जप्त करून न्यायचे. आता त्या पानाला एक कावळा शिवेना. कॉलनीतल्या बायका खालून बघायच्या आणि आपापसात म्हणायच्या, बाईचं काहीतरी राहिलंय. कारण मला दिसत होतं. काका पानापासून दोन हातांवर स्टुलावर बसायचे, डोळ्यांना दुर्बीण लावून. कुठला कावळा येईल? त्याला समोर दोन काचेचे डोळे दिसणार, प्रत्येक त्याच्या डोक्याएवढा.

"काका, दुर्बीण ठेवा खाली," मी एकदा म्हणालो. "आत जाऊन बसा. खाऊन जाईल तो."

"आणि कोण खाऊन गेलं ते मला कसं कळणार?"

"कळायला कशाला पाहिजे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं नापास काट्याकडे बघत असतील तसं. "ती आली की नाही हे ओळख पटल्याशिवाय मी कसं धरू?"

मी बडबड्या माणूस, दिंडोरीत मी मेलेल्या वेलाला औषध विकलेलं आहे. पण तेव्हा पानावरच्या माशा वारल्या आणि जिना उतरलो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात उभे राहून हळू म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर समुद्राच्या भरतीची वेळ दिसते का?"

"ओहोटीची दिसते. भरतीचीही दिसेल."

"भरतीची बघा."

"काका, भरतीला पक्षी नसतात. तुम्हीच सांगता. चिखल बुडाला की ते लांब कुठेतरी जाऊन बसतात."

"पक्षी बघायला जायचं नाही," ते म्हणाले. "पान ठेवायचंय. मी गंगेवर तिच्या भावाला तुळशीचं आणि पैठणीचं वचन देऊ दिलं, आणि मला माहीत होतं काय राहिलंय. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला लोकांसमोर म्हणवेना." मग त्यांनी माझ्या भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरचं पान उलटून तिथी बघितली. "कावळा भरती-ओहोटी मानत नाही. एखादा असेल. एक पुरे."

*

घरचं श्राद्ध गुरुजींकडून आटोपलं आणि आम्ही निघालो. गाडी कंपनीची, चालवणारा मी. शेजारी काका. मागे मामा, मांडीवर पानाचा डबा, सटाण्याहून मुद्दाम आलेले. ते बहिणीसाठी आले होते, दाजींसाठी नाही, हे त्यांनी गाडीत बसतानाच मला ऐकवलं. तिघांच्या गाडीत मी टपालखातं झालो.

"त्यांना विचार, काच लावू का," मामा म्हणायचे.

"काका, काच लावू का?"

"सांगा त्यांना, लावा."

"मामा, लावा."

त्र्यंबक गेलं, घाट आला. खाचरांत भात कापून पडला होता, त्यावर गाय बगळे. वर आभाळात कोण होतं, कोण नव्हतं, ते मी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. एरवी या रस्त्याला त्यांनी आठ खेड्यांतली जनावरं उधळवली असती. जव्हारच्या पुढे मामांनी मला विचारलं, "तिनं खरंच चिखलात बसून पुरी खाल्ली व्हती का?"

"गाडीत," काका समोरच्या काचेला म्हणाले. "वारा होता."

ते उत्तर मामांनी टपालाशिवाय घेतलं, हे मी बघितलं.

सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर समुद्र. पाणी वर झाडांच्या मुळांपर्यंत आलं होतं. मातकट, जड, एकापाठोपाठ एक घरं पाडावीत तसं किनाऱ्यावर आपटत होतं. क्षितिजापर्यंत सगळं भरलेलं. आभाळ राखेच्या रंगाचं. आणि एक पक्षी नाही. कुरव नाही, सुरय नाही, घारसुद्धा नाही. कावळे सगळे मागे कोळीवाड्यात, मासे वाळत घातलेत तिथे. लग्नाचा मांडव सोडून श्राद्धाच्या पानाला कोण येणार?

काका पुढे गेले. पाणी त्यांच्या चपलांवरून गेलं.

"एवढा असतो?" ते म्हणाले.

मला कळेना. मग कळलं. हा माणूस या किनाऱ्यावर जेव्हा आला तेव्हा ओहोटीला, आणि पाणी यायच्या आत निघाला. भरलेला समुद्र त्यांनीही कधी बघितला नव्हता.

मामांनी केळीचं पान मांडलं. भात, वडा, खीर, आणि एका बाजूला दोन पुऱ्या. त्या त्यांनी स्वतः करून आणल्या होत्या, कोणाला न सांगता. काकांनी हात जोडले. मामांसारखी वचनं त्यांना देता येत नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बघ. आज सगळा आहे."

मग त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. गाडीतून मफलर आणला आणि मामांसमोर उभे राहिले. वर्षानंतर पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले.

"माझं तोंड बांधा. माझा भरवसा नाही."

मामांनी बांधलं. जरा घट्टच बांधलं. काका पानाकडे पाठ करून, डोळे मिटून वाळूत बसले.

आता त्या किनाऱ्यावर एकच प्राणी होता. एक खंगलेलं पिवळं कुत्रं. आम्ही गाडीतून उतरल्यापासून ते मागे होतं, आणि खिरीच्या वासाने त्याच्या तोंडाला तार सुटली होती. मामांनी सुरूची फांदी उचलली आणि पानासमोर पाय रोवून उभे राहिले. कुत्रं डावीकडून आलं, फांदी. उजवीकडून आलं, फांदी. लांब जाऊन बसलं, मामांनी तरी खडा मारला. श्राद्धाच्या पानाला कुत्रं शिवलं म्हणजे काय होतं, ते मामांना सांगायला नको होतं. सटाण्यात या बाबतीत गुरुजी त्यांना विचारून घ्यायचे. मी दुर्बिणीने आभाळ धुंडाळत होतो. इतक्या वर्षांत मी एवढ्या तळमळीने कधी पक्षी शोधला नाही. लांब कोळीवाड्यावर काळे ठिपके फिरत होते. त्यांना इकडे काय कमी होतं ते मला सांगता आलं नाही.

इथून पुढे मला वाढवून सांगण्यासारखं काही मिळत नाही.

पाणी उतरायला लागलं. आधी झाडांची मुळं मोकळी झाली, मग काळा ओला पट्टा दिसला, मग तो पट्टा रुंद झाला. काकांनी मफलरच्या आतून विचारलं, "पाणी आहे का?"

"हाय, दाजी," मामा म्हणाले.

थोड्या वेळाने परत. "आहे ना?"

"हाय."

नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब गेलं होतं. मध्ये चिखल उघडा पडत चालला होता, तोच जुना, चकचकीत. त्याच्यावर एखादा चिखल्या धावायला लागला असता तर काकांच्या कानाला शीळ कळली असती आणि सगळं संपलं असतं. मामांनी चिखलाकडे बघितलं. पुऱ्यांकडे बघितलं. मग बराच वेळ काकांच्या पाठीकडे, गोट्यावर वर्षात उगवलेल्या पांढऱ्या केसांकडे, मफलरच्या गाठीकडे, जी त्यांनी स्वतः मारली होती.

फांदी खाली आली. मामा एक पाऊल बाजूला झाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

कुत्र्याने आवाज केला नाही. त्याला इतक्या दिवसांची भूक होती की ओरडायला जागा नव्हती. केळीचं पान फक्त एकदा सळसळलं. पुऱ्या गेल्या, वडा गेला, खीर पानावरून जिभेने पुसली गेली, आणि ते कान पाडून झाडांत निघून गेलं. मामांनी पायाने त्याचे ठसे पुसले, चारही पायांचे, हळूहळू, अंगण सारवावं तसे.

सळसळ ऐकून काकांची पाठ ताठ झाली होती. आता त्यांनी डोळे न उघडता मफलर खाली ओढला. आणि विचारलं ते त्यांच्या जुन्या आवाजात, निरीक्षकाच्या, ढोल गोधडीतून बाहेर काढल्यासारखं.

"कोणता होता?"

मामांनी फांदी लांब टाकून दिली आणि हात झटकले.

"पाखरू व्हतं, दाजी."